वाड्यावरचा नाताळ

नाताळच्या आठवड्यात महाराष्ट्रातल्या गाड्या आंबोली घाटातून गोव्याकडे उतरत असतात, तेव्हा आम्ही दरवर्षी घाट चढून उलट मिरजेला जातो. नवऱ्याची नोकरी वेर्ण्याच्या औषध कारखान्यात, घर दक्षिण गोव्यातल्या सासष्टी तालुक्यात कुडतरीला भाड्याचं, लेकीची शाळा मडगावला. सुट्टी लागली की माहेर आणि सासर ठरलेलं. यंदा मात्र नाताळ इथेच करायचा असं आम्ही ठरवलं आणि आईलाच इकडे बोलावून घेतलं. किनाऱ्यावरचा डिसेंबर सगळ्यांना माहीत आहे: कळंगुट, बागा, रोषणाई, रात्रभर वाजणारी गाणी. मला लिहायचं आहे ते त्या किनाऱ्यापासून लांब, भातशेतीच्या कडेला, एका वाड्यावर, म्हणजे गावातल्या छोट्या वस्तीत, साजऱ्या होणाऱ्या नाताळाबद्दल.

२० डिसेंबर

आई मिरजेहून रात्रीची गोवा एक्स्प्रेस धरून पहाटे मडगावला उतरली. अंगात स्वेटर, पिशवीत आमच्या घरमालकीणबाईंसाठी सांगलीची हळद आणि बेदाणे. घरी येताना पुरतं उजाडलं नव्हतं. घराघराच्या बाल्कांवावर, म्हणजे पुढच्या पडवीवर, नखेत्रं पेटलेली होती: बांबूच्या कामट्यांची चांदणी, वर रंगीत कागद, आत दिवा. आई गाडीच्या काचेतून बघत होती. "आपल्या आकाशकंदिलाचीच बांधणी आहे गं," म्हणाली. बांधणारी मुलंही पुष्कळदा तीच. आमच्या वाड्यावर तरी दिवाळीत कंदील करणाऱ्या पोरांनी उरलेल्या कामट्या जपून ठेवल्या होत्या.

घरमालकीणबाई सत्तरी ओलांडलेल्या आहेत. सगळा वाडा त्यांना माई म्हणतो, आम्हीही म्हणतो. पुढच्या भागात त्या राहतात, मागच्या खोल्यांत आम्ही. मुलगा तारवटी, म्हणजे बोटीवर कामाला. सासष्टीत असे तारवटी पुष्कळ आणि त्यांच्या येण्याजाण्यावर घरातली लग्नं-बारशी ठरतात. यंदा नाताळात त्याची बोट लांब समुद्रात असणार होती. सून आणि नातवंडं परदेशात. माईंनी नोव्हेंबरातच मला विचारून ठेवलं होतं, "नाताळाक हांगाच मगो तुमी?" मी हो म्हटल्यावर त्यांनी लगेच कामं वाटली. नवऱ्याकडे लाकडं आणि सोडणं, माझ्याकडे नारळ, लेकीकडे गोठा.

गोठ्याचं काम आधीच सुरू झालं होतं. आठ डिसेंबरला, पणजीच्या चर्चचं फेस्त (वार्षिक सण) असतं त्या दिवशी, माईंनी लेकीकडून पत्र्याच्या पसरट डब्यात माती भरून नाचणी पेरून घेतली होती. बाळ येशूच्या गोठ्याभोवती हिरवं कुरण हवं, त्याच्यासाठी. आता ते बोटभर उंच झालं होतं आणि लेक रोज सकाळी दात घासायच्या आधी त्याच्यावर पाणी शिंपडत होती. आईनं डबा बघितला आणि म्हणाली, "अगं, हे तर घटस्थापनेचं धान!" माईंना घटस्थापना माहीत होती. शेजारच्या देसायांकडे त्या दरवर्षी बघतात.

२१ डिसेंबर

मडगावच्या बाजारात. माईंनी यादी लिहून दिली नव्हती, तोंडी सांगितली होती आणि कुठल्या वस्तूसाठी कुठल्या दुकानात जायचं तेही बजावलं होतं. मैदा, रवा, चण्याची डाळ, काजू, जायफळ. सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे माडाचा गूळ. काळपट, थोडासा खारट चवीचा, उसाच्या गुळाहून अगदी वेगळ्या वासाचा. विकणारी बाई प्रत्येक ढेपेवर बोटानं टिचकी मारून आवाज ऐकत होती आणि मगच तराजूत टाकत होती. आईनं तिला कारण विचारलं. ओली असली की आवाज बसका येतो, ती म्हणाली, आणि ओल्या गुळाचा दोदोल, हा नाताळचा गोड पदार्थ, टिकत नाही.

गर्दी इतकी होती की बाकी काही बघणं झालं नाही.

२२ डिसेंबर

आजचा दिवस दोदोलाचा. गोव्याच्या गोडांत बेबिंकचं नाव सगळीकडे झालंय, २०२३ मध्ये त्याला भौगोलिक मानांकनही मिळालं. बेबिंकचा एकेक थर वरच्या निखाऱ्यांवर भाजत बसायचं काम एकटीदुकटी बाई चिकाटीनं करू शकते. दोदोल एकट्यादुकट्याचा नाही. त्याला घर भरलेलं लागतं.

सकाळी आडोळीवर बसून मी आणि आईनं नारळ खोवले. माईंनी खोबरं वाटून रस काढला. पहिला दाट रस वेगळ्या पातेल्यात, दुसरा आणि तिसरा पातळ रस एकत्र. गूळ पातळ रसात विरघळवून फडक्यातून गाळला, कारण माडाच्या गुळात कधी कधी बारीक कचरा येतो. मग त्यात तांदळाचं पीठ, गुठळी राहू न देता. परसात तीन दगडांची चूल मांडली होती, तिच्यावर कल्हई केलेली तांब्याची मोठी कढई. दहाच्या सुमाराला जाळ लागला आणि लांब दांड्याचा दवलो कढईत उतरला. त्यानंतर तो थांबायचा नाही. खाली लागलं की सगळ्या दोदोलाला करपट वास येतो आणि तो मग काही केल्या जात नाही.

पहिला तासभर काहीच घडत नाही. कढईत तपकिरी पाणी फिरत राहतं आणि ढवळणाऱ्याला वाटतं, हे काम तर सोपं आहे. मग हळूहळू ते घट्ट व्हायला लागतं, दवल्याला ओढ लागते, बुडबुडे फुटून हातावर गरम ठिपके उडतात. माई हातावर जुनं फडकं गुंडाळायला लावतात. दाट रस आता घालायचा, थोडा थोडा. दर पंधरा-वीस मिनिटांनी माणूस बदलतं. शेजारचे देसाई आले, त्यांनी धोतराचा काचा मारून दवलो घेतला. पलीकडच्या घरातली कॉलेजातली दोन मुलं आली. नवरा कारखान्यातून अर्धी रजा टाकून आला. कुणाला बोलावणं धाडलेलं नव्हतं. चुलीचा धूर दिसला की लोक येतात, एवढंच.

आईची पाळी आली तेव्हा माई म्हणाल्या, तुम्ही पाहुण्या, बसा. आई म्हणाली, "बसायला मिरज काय वाईट होती?" आणि पदर खोचून उभी राहिली. ती शाळेत मराठी शिकवायची, निवृत्त होऊन बरीच वर्षं झाली, पण कामाला हात लावल्यावर तिचा आवाज अजून वर्गातलाच होतो. तिनं ढवळता ढवळता त्या दोन मुलांना परीक्षेचं विचारलं, माईंना तारवटी मुलाचं विचारलं. माईंनी त्याची बोट कुठल्या बंदरात असेल, तिथे आता किती वाजले असतील, तिथे नाताळला बोटीवर जेवायला काय देतात हे सगळं सांगितलं. दोघी एकमेकींशी आपापल्या भाषेत बोलत होत्या. अडत काही नव्हतं.

दुपार कलल्यावर दोदोलानं कढईची कड सोडली. कडेला तेलाची बारीक रेघ दिसायला लागली, हे खोबऱ्याचं स्वतःचं तेल, वरून घातलेलं नव्हे. माईंनी एक थेंब स्टीलच्या ताटलीत टाकला, निवू दिला, बोटानं उचलून बघितला. बोटाला चिकटला नाही. "जालो," म्हणाल्या. काजू आत गेले आणि काळा, चकचकीत, थरथरणारा लगदा तूप लावलेल्या परातीत ओतला गेला. कढईच्या तळाला जे उरतं ते ढवळणाऱ्यांचं. आम्ही सगळ्यांनी ते तिथेच चुलीपाशी उभं राहून चमच्यानं खरवडून खाल्लं. आईला विचारलं कसा झालाय. तिनं नुसती मान डोलावली, कारण तोंडात दोदोल होता.

इथला सण पाहुण्याला दाखवत नाहीत. हातात दवलो देतात. मला यातला मान फार मोठा वाटतो.

२३ डिसेंबर

आज नेवऱ्या आणि कुलकुल. नेवरी म्हणजे आपली करंजीच. माई कड कातण्यानं कापत होत्या. आईनं एक हातात घेतली आणि मुरड घातली: अंगठ्यानं कड दाबायची, दुमडायची, पुन्हा दाबायची, शेवटी वेणी तयार. माईंनी काम थांबवलं. "परत दाखव," म्हणाल्या. आईनं सावकाश दाखवलं. माईंची पहिली मुरड सुटली, दुसरी जमली, आणि तिसरी तर आईपेक्षा बारीक पडली. त्यानंतर कातणं बाजूलाच राहिलं.

कुलकुलच्या पिठात अंडं घालतात. आई अंडं खात नाही, हे तिनं कुणाला सांगितलेलं नव्हतं. पण माईंनी तिचं ताट बघून ओळखलं होतं. पीठ मळताना त्यांनी अर्धं बाजूला काढलं, त्यात नुसता नारळाचा रस घातला, वेगळ्या कढईत तळलं आणि डब्याला पांढरा दोरा बांधला. एका शब्दानं काही न बोलता. आईनं ते बघितलं. तिनंही काही म्हटलं नाही, पण संध्याकाळी माझ्यापाशी येऊन म्हणाली, "पंचवीसला मी पुरण घालणार आहे. डाळ आहे ना घरात?"

कुलकुल वळायचं काम लेकीचं. पिठाची सुपारीएवढी गोळी काट्याच्या पाठीवर चेपायची आणि खालून गुंडाळत आणायची, म्हणजे शिंपल्यासारख्या रेघा उमटतात. संध्याकाळपर्यंत तिनं एक टोपली भरली आणि काटा हातातून सोडेना.

२४ डिसेंबर

सकाळी गोठा उभा राहिला. बाल्कांवाच्या कोपऱ्यात भाताचा पेंढा, चुडतांचं छप्पर, मागे निळं कापड, पुढे नाचणीचं हिरवं कुरण. मेंढपाळ, गाय, गाढव, मारिया आणि जुझे. मूर्ती माईंच्या सासूबाईंच्या वेळच्या, गाईचं एक शिंग मोडलेलं. मधली गवताची गादी मोकळी ठेवली. बाळ मध्यरात्रीनंतरच येणार.

मध्यरात्रीच्या मिसेला, म्हणजे चर्चमधल्या प्रार्थनेला, आम्ही माईंबरोबर गेलो. कुडतरीचं सेंट अ‍ॅलेक्सचं चर्च १५९७ सालचं, आंगडीच्या तळ्याच्या काठावर. या गावात मोठमोठी तळी आहेत आणि त्यांच्या पाण्यावर हिवाळ्यातली वायंगणाची भातशेती होते. चर्चकडे जाणाऱ्या रस्त्याच्या दोन्ही बाजूंना ती शेतं. हवेत गारवा होता, गोव्याच्या मानानं चांगलाच. बायकांनी नवे कपडे, वर शाली. लहान मुलं अर्धवट झोपेत, खांद्यावर. वाटेत भेटणारा प्रत्येकजण माईंना थांबवून मुलाची खबर विचारत होता.

आम्ही शेवटच्या रांगेत बसलो. सगळे उभे राहिले की उभं राहायचं, बसले की बसायचं. गायकवृंद कोकणीत गात होता, व्हायोलिनवर, एकाखाली एक चार सुरांत. गाण्याचा कान असलेल्या मिरजेच्या माणसाला ते वेगळं ऐकू येतं. आमच्याकडे एका तंबोऱ्यापाशी एकट्याचा सूर पणाला लागतो. इथे गावातले दुकानदार, शिक्षिका, शाळकरी पोरं आपापला सूर धरून दुसऱ्याच्या सुराला वाट देत होती. हे शिकवलेलं असतं. पोर्तुगीज काळापासून चर्चच्या शाळांतून गोव्यात गाणं शिकवत आलेत आणि गोव्याचे वादक पुढे मुंबईच्या चित्रपटसंगीतात भरभरून वाजले, त्याचं मूळ अशा गावच्या चर्चमध्ये आहे.

ग्लोरियाच्या, म्हणजे देवाच्या स्तुतिगीताच्या, वेळी सगळ्या घंटा एकदम वाजायला लागल्या. वेदीजवळच्या गोठ्यावरचा पडदा सरला, बाळ दिसलं, आणि आमच्या पुढच्या रांगेतली म्हातारी उघडपणे रडायला लागली. आईनं हात जोडले. मिसा संपल्यावर बाळाच्या मूर्तीचं चुंबन घ्यायला रांग लागते. आम्ही बाजूला उभे होतो, तेव्हा माईंनी लेकीचा हात धरून तिला रांगेत नेलं. तिनं नमस्कार केला. कुणाला काही वावगं वाटलं नाही.

अंगणात केक आणि कॉफी. "खुशालभरीत नाताल!" हातात हात, गालाला गाल. आईला अनोळखी बायकांनी जवळ घेतलं. घरी आलो तेव्हा मध्यरात्र उलटून गेली होती. घरातल्या सगळ्यात लहान माणसानं बाळ गोठ्यात ठेवायचं अशी माईंच्या घरची रीत आहे, आणि यंदा घरातलं सगळ्यात लहान माणूस म्हणजे आमची लेक होती. माईंनी चपला काढायला लावल्या, हात धुवायला लावले. तिनं दोन्ही हातांनी मूर्ती ठेवली आणि पेंढा सारखा केला. माईंनी मोबाइलवर फोटो काढून बोटीवर पाठवला.

२५ डिसेंबर

सकाळी ताटं भरली गेली. या ताटाला इथे कोन्सुआद म्हणतात. नेवरी, कुलकुल, दोदोलाची वडी, बेबिंकचा तुकडा, चण्याच्या डाळीचा दोस, पेरूचं पेराद. वर क्रोशाचा रुमाल. ताटं कुठे जाणार याचा क्रम माईंच्या डोक्यात पक्का होता, आणि पहिलं ताट ना देसायांकडे गेलं, ना चर्चच्या पाद्रीबाबांकडे.

वाड्याच्या टोकाला एक घर आहे. तिथला कर्ता माणूस पावसाळ्यात गेला. त्या घरावर यंदा नखेत्र नव्हतं. वर्षाच्या आत मृत्यू झालेल्या घरात नाताळला गोड करत नाहीत, चूल पेटते ती रोजच्या अन्नापुरती. म्हणून वाड्यावरच्या प्रत्येक घरातलं पहिलं ताट तिथे जातं. आम्ही माईंबरोबर गेलो तेव्हा ओट्यावर आधीच ताटांची रांग लागली होती. त्या बाई पांढऱ्या-काळ्या झग्यात बसल्या होत्या. माई त्यांच्या शेजारी बसल्या, फार बोलल्या नाहीत. मुलं मात्र ताटांभोवती होती आणि कुलकुल खिशात भरत होती. आई मला हळूच म्हणाली, "आपल्याकडेही हेच. बाबा गेले त्या वर्षी दिवाळीला शेजारच्यांनी घर भरून दिलं होतं." मला आठवत होतं. त्या वर्षी एवढा फराळ आला की ठेवायला डबे पुरले नव्हते.

सण सुखी घरांचा असतो असं आपण धरून चालतो. वाड्यावरच्या सणाचं पहिलं ताट दुःखाच्या घरी जातं, आणि मला विचाराल तर नाताळात मी पाहिलेली सगळ्यात मोठी गोष्ट ही आहे. मध्यरात्रीच्या घंटांहूनही.

मग देसायांकडे. चवथीला त्यांच्याकडून माईंकडे नेवऱ्या येतात, दिवाळीला पोह्यांचे प्रकार. नाताळला माईंचं ताट जातं. देसाईकाकूंनी ताट रिकामं करून त्यात तांदूळ आणि साखर घालून परत दिलं. रिकामं भांडं परत करायचं नाही, हे घाटावरही तसंच आहे.

दुपारी माईंकडे जेवण. डुकराच्या मटणाचं सोरपोतेल दोन-तीन दिवस आधी करून मुरवलेलं, सोबत ताडीवर फुगवलेल्या, इडलीसारख्या सान्ना. नवऱ्यानं मनापासून खाल्लं. आईसाठी अळसांद्यांचं (चवळीसारख्या कडधान्याचं) तोणाक, म्हणजे रस्सा, आणि भाज्यांचा पुलाव, वेगळ्या भांड्यांत. आणि आईच्या पुरणपोळ्या. माईंनी पोळीवर तुपाऐवजी नारळाचा दाट रस घेतला. आईनं आधी भुवया उंचावल्या, मग तिनंही तसाच घास घेऊन बघितला.

२७ डिसेंबर

आईला रायतूर बघायचं होतं. कुडतरीपासून अगदी जवळ, नकाशावर त्याचं नाव राशोल. झुआरीकाठच्या टेकडीवर जुनं सेमिनरी आहे, जाताना किल्ल्याच्या वेशीची कमान लागते. आईच्या लेखी हे मराठीचं तीर्थ आहे. फादर थॉमस स्टीफन्स हे इंग्लंडातून आलेले जेझुइट धर्मगुरू १५७९ मध्ये गोव्यात उतरले आणि पुढचं आयुष्य त्यांनी बरचसं सासष्टीत काढलं. इथल्या लोकांना ख्रिस्ताची कथा त्यांच्या कानाला ओळखीच्या चालीत सांगायची म्हणून त्यांनी ती मराठी ओवीत रचली. दहा हजारांहून जास्त ओव्या. ते ख्रिस्तपुराण १६१६ मध्ये इथे रायतूरला छापलं गेलं, रोमन अक्षरांत. म्हणजे बेथलेहेमचा गोठा मराठीत पहिल्यांदा उभा राहिला तो या टेकडीच्या आसपास. मराठीची थोरवी सांगणारी त्यातली प्रसिद्ध ओवी आईनं वर्षानुवर्षं वर्गात शिकवली होती. सेमिनरीच्या आवारात उभं राहून तिनं ती लेकीला म्हणून दाखवली, मोठ्यानं, यतीवर थांबत थांबत.

परतताना ती गप्प होती. मग म्हणाली, "त्याच शतकात इथली देवळं पाडली ना?" हो. सोळाव्या शतकात सासष्टीतली देवळं पाडली गेली आणि लोकांनी देव रातोरात नदीपार नेले. मडगावचा दामोदर झांबावलीला गेला, कुशस्थळीचा मंगेश प्रियोळला, केळोशीची शांतादुर्गा कवळ्याला. ज्या सत्तेनं हे केलं तिच्याच आश्रयाला राहून एक परदेशी माणूस ओवी शिकत होता. यातली एक गोष्ट सांगताना दुसरी झाकायची नाही, असं आईचं म्हणणं. वाड्यावरच्या लोकांनी दोन्ही लक्षात ठेवून एकमेकांकडे ताटं पाठवायची रीत जपली आहे. ते कुठल्याही राजवटीनं शिकवलेलं नाही.

३० डिसेंबर

पौष लागलाय, म्हणून केपे तालुक्यात एका मैत्रिणीच्या गावी धालोंना, म्हणजे पौषातल्या बायकांच्या गाण्या-नाचाला. चांदण्यात मांडावर (धालोंच्या ठरलेल्या अंगणात) बायकांच्या दोन रांगा समोरासमोर, एकमेकींच्या कमरेला हात, झुकत पुढे यायचं, झुकत मागे जायचं. पुरुषांनी मांडावर यायचं नाही. नवरा आणि मैत्रिणीचे दीर लांब शेकोटीपाशी बसले. आईला रांगेत कुणी घेतलं नाही, तिनंही मागितलं नाही. मांड गावच्या बायकांचा असतो. पण गाण्यातल्या ओळी तिला कळत होत्या आणि ती मांडीवर ठेका धरून बसली होती. गोव्याचा हिवाळा म्हणजे नुसता नाताळ नव्हे. एकाच आठवड्यात एका तालुक्यात गोठ्यासमोर दिवे लागतात आणि पलीकडच्या तालुक्यात मांडावर.

३१ डिसेंबर

रस्त्याच्या वळणावळणावर पोरांनी जुन्या वर्षाचा म्हातारा बसवलाय. जुनी पँट, जुना शर्ट, आत पेंढा आणि फटाके, डोक्यावर टोपी, खुर्चीत बसवलेला. गाड्या थांबवून वर्गणी मागतात. मध्यरात्री त्याला पेटवतात. आमच्या वाड्यावरचा म्हातारा ज्या मुलांनी केला होता त्यांतल्या अर्ध्या मुलांनी दिवाळीच्या आदल्या रात्री नरकासुराचा पुतळा केला होता, आणि सांगाडा बांधायची त्यांची पद्धत बघून ते कळतही होतं. लेकीनं म्हाताऱ्यासाठी बाबांचा जुना शर्ट दिला. बारा वाजता चर्चची घंटा, फटाके, आणि वाड्यावरचे सगळे एकमेकांच्या दारात.

६ जानेवारी

तीन राजांचं फेस्त. आज कासावलीजवळच्या कुयेलीच्या टेकडीवर. कासावली, आरोशी आणि कुयेली या तीन गावांतून एकेक मुलगा राजा म्हणून निवडतात. मखमली झगा, मुकुट, आणि प्रत्येकजण घोड्यावर. बाळ येशूला भेटायला पूर्वेकडून तीन राजे आले त्यांची ही आठवण. टेकडीवर रेमेद सायबिणीचं (मारियेचं) पांढरं कपेल, म्हणजे छोटं चर्च, आहे, तिथे राजे पोचतात आणि मिसा होते.

आम्ही सकाळीच चढायला लागलो. माई गुडघे धरून, आई तिच्या काठीनं, दोघी एकमेकींना थांबवत. बँड वाजत होता. वरून समुद्र दिसतो, आणि खाली माडांतून राजांची मिरवणूक वर येताना दिसते. पहिला राजा आला तो जेमतेम दहा वर्षांचा असेल. घोड्यावर ताठ बसला होता, ओठ घट्ट मिटलेले, आणि मुकुटाखालून घामाची धार. एकाही ओळखीच्या माणसाकडे त्यानं बघितलं नाही. घरात राजा झाला की ते वर्ष त्या घराचं असतं, माई सांगत होत्या. जेवणं, पाहुणे, परदेशातून आलेले काका-मामा. आमच्या शेजारी उभी असलेली एक आजी राजाकडे बोट दाखवून प्रत्येकाला सांगत होती, तो आमचा, धाकट्या मुलाचा थोरला.

मिसेनंतर फेरीत, म्हणजे जत्रेतल्या दुकानांत, फिरलो. उकडलेले चणे, लाडू, खेळणी, आणि खाजें: बेसनाच्या काड्या तळून गूळ-आल्याच्या पाकात घोळवलेल्या. खाजेंकार डिचोलीकडचा होता. फेस्तांना आणि जत्रांना त्याचं हेच दुकान, हीच परात. आईनं मिरजेच्या शेजारणींसाठी पुडे बांधून घेतले. माईंनी पैसे पुढे केले, आईनं त्यांचा हात मागे सारला, त्यांनी परत पुढे केला. खाजेंकार दोघींकडे बघत थांबला आणि शेवटी म्हणाला की अर्धे अर्धे घेतो.

आईनं त्याला विचारलं, आता पुढे दुकान कुठे? तो म्हणाला, बारीकसारीक जत्रा चालूच असतात, पण मोठी म्हणजे माघात मंगेशीची. आई माघाची तिथी बोटांवर मोजायला लागली. उतरताना अर्ध्या वाटेत थांबून तिनं जावयाला सांगितलं की परतीचं तिकीट रद्द कर, आणि माईंना विचारलं की मंगेशीला येणार का. माई म्हणाल्या, गाडीत जागा असली तर येईन, पण पहाटे निघायचं, ऊन चढल्यावर मला चालवत नाही.